शेकरूची वाट



गटाच्या बैठकीत सहलीचा विषय निघाला की नावं ठरलेली असतात. आळंदी, जेजुरी, शिर्डी, नाहीतर एखादं धरण. यंदा आमच्या तीन गटांनी मिळून भीमाशंकर ठरवलं. तुम्ही म्हणाल, तेही देवस्थानच की. खरं आहे, दर्शन आम्ही घेतलंच. पण बेत असा होता की देवळात अर्धा तास आणि रानात दिवसभर. आज त्या रानाबद्दल बोलायचं आहे. आणि तिथं जे पाहिलं त्याचा आमच्या गावच्या देवराईला काय उपयोग झाला, तेही सांगायचं आहे.

आम्ही जुन्नर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या, डोंगराकडच्या. गावाच्या वरच्या अंगाला देवीची राई आहे. राईत लहानसं कौलारू देऊळ आहे. हिरडा, जांभूळ, आंबा, ऐन, उंबर अशी जुनी झाडं आहेत. एकेका बुंध्याला दोघींनी मिळून कवळा घालावा लागतो. तिथं कोयता लावायचा नाही, वाळकी काटकीसुद्धा चुलीला आणायची नाही, असं सासूनं सुनेला सांगत आलेलं.

गेल्या पावसाळ्यानंतर गावात बोलणं सुरू झालं की देऊळ मोठं बांधू, पुढे सभामंडप घालू आणि गाडी थेट दारापर्यंत जाईल असा रस्ता करू. रस्त्यात येणाऱ्या झाडांवर चुन्याचे पट्टे ओढले. आम्ही मोजली, २३ झाडं भरली.

यावर आमच्यातच दोन मतं होती. काही जणी म्हणाल्या, देवीची झाडं तोडायची नाहीत, विषय संपला. पण आमच्या गटातल्या सगळ्यात थोरल्या आजी म्हणाल्या, "तुम्ही तरण्या आहात. माझे गुडघे गेलेत. चार वर्षं झाली, देवीची ओटी मी खालूनच भरते. रस्ता झाला तर मला दर्शन होईल." आजींचं म्हणणं खोटं कसं म्हणायचं? आणि रस्त्याच्या कामावर गावातल्या चार पोरांना मजुरी मिळणार होती, त्यांच्या आयाही आमच्याच गटात. त्यामुळे बैठकीत नुसतं "झाडं वाचवा" म्हणून भागणार नव्हतं. तेव्हा एकीनं सुचवलं की जिथं रान खरंच राखलंय तिथं जाऊन बघून येऊ, मग बोलू. अशा आम्ही १९ जणी निघालो. आजी पण आल्या, काठी घेऊन.

फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता. महाशिवरात्रीच्या आधी गेलो, कारण शिवरात्रीला आणि श्रावणात तिथं माणसांची दाटी असते. दाटीत जनावर दिसत नाही. भाड्याची गाडी केली. घोडेगाव, डिंभे धरण, पोखरीचा घाट, तळेघर, असा रस्ता.

डिंभ्याच्या पुढे गाडीतलं बोलणं आपोआप थांबलं. त्याच डोंगरांत माळीण गाव होतं. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खचला आणि अख्खं गाव गाडलं गेलं. १५१ माणसं गेली. आमच्यातल्या दोघींची नातीगोती त्या भागात आहेत. दरड कशी कोसळली याची कारणं जाणत्यांनी बरीच सांगितली. त्यात खूप पाऊस आहे, जमिनीचा उतार आहे, उतारावर झालेली कामं आहेत. आम्ही काही त्यातल्या तज्ज्ञ नाही. पण शेताच्या बांधावर मुळं असली की माती कशी थांबते आणि उघडा बांध पहिल्या पावसात कसा वाहतो, ते आपण सगळ्याच बघतो. उताराशी खेळताना माणसानं दहादा विचार करावा, एवढं त्या वाटेवर पटतं.

आता अभयारण्याची माहिती. भीमाशंकर हे वन्यजीव अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं. क्षेत्र साधारण १३१ चौरस किलोमीटर. पुणे, रायगड आणि ठाणे अशा तीन जिल्ह्यांत ते पसरलं आहे. म्हणजे देवळाभोवती जी झाडी दिसते, ती या रानाचा एक कोपराच समजा. हे लावलेलं रान नाही. मुळातलं, सह्याद्रीचं स्वतःचं रान आहे. धो धो पाऊस, उंचावरचा वारा, पातळ माती, यामुळे झाडं फार उंच वाढत नाहीत. पण इतकी दाट की खाली ऊन टिकल्याएवढं पडतं. अंजनी, जांभूळ आणि पिसा ही इथली मुख्य तीन झाडं. शिवाय हिरडा, आंबा, उंबर, पारजांभूळ. खाली कारवी. कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. तिच्याच काठ्यांचे कूड आपल्या आजी-पणजीच्या घरांना होते.

वनखात्याच्या चौकीवर नावं लिहिली. वाटाड्या म्हणून तिथल्याच वाडीतला एक मुलगा घेतला. तो आम्हाला मावशी म्हणायचा, आजींना आजी. त्यानं आधीच दोन गोष्टी सांगितल्या. "मावशी, बोलणं हळू आणि खाण्याची पिशवी बंद." आम्ही गुप्त भीमाशंकरच्या पायवाटेला लागलो.

पहिल्या तासात आम्हाला काहीच दिसलं नाही, नुसते आवाज ऐकू आले. झाडावर वानरं होती, ती आमच्याकडे बघून पुढे सरकली. मग त्या मुलानं थांबवलं आणि खाली बोट दाखवलं. भेकराच्या खुराचे ठसे होते, शेळीपेक्षा लहान. पुढे वाटेवर विष्ठा पडलेली, तिच्यात बिया. म्हणाला, ही उदमांजराची. फळ खातं आणि बी दुसरीकडे नेऊन टाकतं. म्हणजे जांभूळ लावणारा माळी हाच. एका पडलेल्या ओंडक्याजवळ तो म्हणाला, "हे लाकूड कुणी नेत नाही. पावसाळ्यात अशा कुजक्या लाकडावर बुरशी येते, ती रात्री अंधारात हिरवट चमकते." आमच्यातल्या एकीनं लगेच सांगितलं की तिच्या आईनं असं चमकणारं लाकूड बघितलंय आणि भुताटकी म्हणून पळून आलीय. सगळ्या हसल्या, तोंडावर पदर धरून.

मग वरून खर्रर्र असा आवाज आला, सुपात दाणे जोरात हलवावेत तसा. मुलगा कुजबुजला, "शेकरू."

मैत्रिणींनो, शेकरू हा आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. भीमाशंकरचं अभयारण्य झालं तेच मुख्यतः त्याच्यासाठी. खार म्हटली की आपल्याला अंगणातली पट्ट्यांची चिमुकली खार आठवते. हिला खार म्हणायला जीभ वळत नाही, मांजराएवढी असते. पाठ तांबडी-तपकिरी, पोट दुधाच्या सायीच्या रंगाचं, कान लहान आणि शेपूट अंगापेक्षा लांब, झुपकेदार. ती फांदीवर पोट टेकून बसली होती आणि शेपूट खाली लोंबत होतं. हातात फळ धरून खात होती, अगदी बाळानं भाकरीचा तुकडा दोन्ही हातांनी धरावा तशी.

त्या मुलानं जे समजावून सांगितलं, ते मी तुम्हाला जसंच्या तसं सांगते. शेकरू झाडावरच जन्मतं, झाडावरच खातं, झाडावरच झोपतं. जमिनीवर क्वचितच उतरतं, कारण खाली त्याला धोका. काटक्या आणि पानं यांचं गोल घरटं बांधतं, तेही शेंड्याकडच्या बारीक फांद्यांत, जिथं जड जनावराला जाता येत नाही. आणि एकच घरटं बांधून थांबत नाही, एका शेकराची कितीतरी घरटी असतात. एक झोपायला, एक पिलांना, एक संकटाला. आमच्यातली एक म्हणाली, "आपल्याला एक घरकुल मिळता मिळत नाही आणि हिची सहा-सहा!"

घरटं कुठल्या झाडावर बांधायचं, हेही शेकरू बघून ठरवतं. ज्या झाडाच्या फांद्या चहूबाजूंनी शेजारच्या झाडांना लागलेल्या असतात, ते झाड त्याला हवं. मोरघार वरून आली, बिबट्या खालून चढला, तर पळायला वाट पाहिजे ना! शेकरूची वाट जमिनीवर नसतेच. ती वर असते, फांदीवरून फांदीवर. आपल्याला रान दिसतं, त्याला रस्ते दिसतात.

"उडी केवढी मारतं?" आजींनी विचारलं.

"वीस फुटांपर्यंत जातं, आजी."

आजी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "माझं लुगडं नऊवारी. नऊ त्रिक सत्तावीस फूट. म्हणजे दोन झाडांच्या मध्ये माझं एक लुगडं वाळत घातलं, एवढी जागा मोकळी झाली की याची वाट मोडली."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. आमच्या गावचा रस्ता दोन गाड्या जातील असा, गटारं धरून ३० फुटांचा आखलेला होता. राईच्या मधोमध. म्हणजे झाडं २३ जाणार होती, पण मोडणार होती अख्खी राई. तिचे दोन तुकडे होणार होते. आमच्या राईतही शेकरू आहे. या तुकड्यातलं त्या तुकड्यात जायचं तर त्याला जमिनीवर उतरून डांबर ओलांडावं लागणार, आणि गावातली कुत्री तर आपल्याला माहीतच आहेत. हे गणित आम्हाला कुणी पुस्तकातून सांगितलं असतं तर कानामागे गेलं असतं. लुगड्यानं मोजल्यावर कुणाला परत सांगावं लागलं नाही.

दुपारी आम्ही अभयारण्यातल्याच एका वाडीत भाकरी खायला थांबलो. तिथल्या बाया महादेव कोळी समाजाच्या. त्यांनी ताक दिलं, बसायला घोंगडी टाकली. आम्हाला वाटलं होतं की रानात राहणाऱ्या बाया रानाचं कौतुक सांगतील. कौतुक सांगितलं, पण दुखणंही सांगितलं. एक म्हणाली, "ताई, तुम्ही शेकरू बघून जाल. आमच्या भातात रानडुकरं येतात, ती कोण बघणार?" पिकाची नासाडी झाली की वनखात्याकडे लगेच अर्ज करायचा, पंचनामा करून घ्यायचा, तेव्हा भरपाई मिळते. पण त्यासाठी हेलपाटे. अभयारण्य म्हणून साध्या कामालाही परवानग्या. ऐकताना आमच्या लक्षात आलं की राखलेलं रान फुकट राहत नाही. त्याची किंमत कुणीतरी मोजत असतं, आणि बहुतेक वेळा ती तिथल्या बाया मोजतात.

त्याच बाईनं पुढे हिरड्याचं सांगितलं. उन्हाळ्याच्या तोंडाला बाळहिरडा गोळा करायचा, वाळवायचा, विकायचा. भात पोटाला आणि हिरडा हाताला, म्हणजे घरात जो रोख पैसा येतो तो हिरड्याचा. पोरांच्या वह्या, दवाखाना, लग्नातली देणीघेणी, सगळं त्यावर. ती म्हणाली, "आमच्याकडं हिरड्याची झाडं पोरांमध्ये वाटून देतात. झाड म्हणजे वतन. एकदा तोडलं की एकदाच पैसे. उभं ठेवलं की नातवापर्यंत पैसे." ज्यांची पोरं रस्त्याच्या मजुरीला जाणार होती, त्या आया हे कान देऊन ऐकत होत्या. चुन्याचा पट्टा मारलेल्या २३ झाडांत आमचे ९ हिरडे होते.

तिथून निघताना भीमा नदीचा उगम पाहिला. पाणी बारीकच होतं त्या दिवसांत. हीच भीमा पुढे पंढरपूरला चंद्रकोरीसारखी वळते म्हणून चंद्रभागा होते आणि कर्नाटकात जाऊन कृष्णेला मिळते. वारीला आपण चंद्रभागेत स्नान करतो. तिचं पाणी आधी या अंजनी-जांभळीच्या मुळांतून झिरपून येतं. आमच्यातल्या माळकरी बायांनी तिथं वाकून हात लावला आणि पाणी डोळ्यांना लावलं.

गावी आल्यावर काय झालं ते आता सांगते.

ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते, हे तुम्हाला ठाऊक आहे. बहुतेक गावांत ती कागदावरच होते, सह्यांची वही घरोघर फिरते. आम्ही वही फिरू दिली नाही. देवळाच्या पायथ्याला बसलो, ६४ बाया आल्या. आजींनी नऊवारी लुगडं मागवलं, दोघींनी दोन टोकं धरली आणि चुन्याच्या पट्ट्यांमध्ये ताणून दाखवलं. रस्ता लुगड्याच्याही बाहेर जात होता. मग आजीच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "रस्ता मला पाहिजे होता. मला देवीपर्यंत जायचंय, गाडीला जायचं नाही. मला पायऱ्या करून द्या, धरायला कठडा द्या, मधे बसायला दोन दगड द्या. मी जाते हळूहळू."

तसाच ठराव झाला. आहे त्या पायवाटेवर दगडी पायऱ्या आणि कठडा. गाड्या खाली शाळेजवळ थांबतील. देवळाची दुरुस्ती आहे त्या जोत्यावर. पायऱ्यांच्या कामाला गावातलीच पोरं. हा ठराव पुढे मोठ्या ग्रामसभेत वाचला गेला आणि बरीच वादावादी होऊन मंजूर झाला. सगळं गोड झालं असं मात्र नाही. सभामंडपाचा प्रश्न अजून लोंबकळतोय. ज्यांनी वर्गणी गोळा केली, त्यातली काही माणसं आमच्याशी नीट बोलत नाहीत. दोन बायांना घरात ऐकून घ्यावं लागलं. झाडांवरचा चुना अजून पुसलेला नाही, पावसानं जाईल तेव्हा जाईल. पण पायऱ्यांचं काम सुरू झालंय, निम्म्याच्या वर आलंय.

तुमच्याही गावात राई असेल. सह्याद्रीतल्या अशा देवरायांचा अभ्यास पुण्याचे वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात केला आणि आपल्या आजी-पणजीनं राखलेल्या या तुकड्यांचं मोल साऱ्यांपुढे मांडलं. तेव्हा तीन कामं करून ठेवा. पहिलं, राईची जमीन कुणाच्या नावावर आहे ते सातबाऱ्यावर बघा. देवस्थान, गावठाण, महसूल की वनखातं, हे माहीत असलं की दाद कुठं मागायची ते कळतं. दुसरं, २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला पाहिजे आणि तिच्यात बायांना एक तृतीयांश जागा आहेत. तुमच्या गावातल्या समितीत कोण आहे ते विचारा. लोक जैवविविधता नोंदवहीत राईतली झाडं, पाखरं, जनावरं लिहून घ्या. आपल्या म्हाताऱ्यांना जेवढी नावं येतात तेवढी कुठल्याच पुस्तकात मिळायची नाहीत. तिसरं, वनहक्क कायदा २००६ चा आहे. ज्या गावांना तो लागू होतो, तिथं गौण वनउपज गोळा करण्याचा हक्क आहे आणि रान राखण्याचा अधिकार ग्रामसभेलाही आहे.

भीमाशंकरला जायचं ठरवलंत तर थोडं सांगून ठेवते. गर्दीचे दिवस टाळा, सकाळी लवकर रानात शिरा आणि अंधाराच्या आत बाहेर या. वाटाड्या तिथलाच घ्या, चार पैसे त्या वाडीत राहतील. भाकरी फडक्यात बांधून न्या, प्लास्टिक नेलंत तर तसंच परत आणा. वानराला, शेकरूला केळं, शेंगदाणे, बिस्कीट काही देऊ नका. पुण्य लागत नाही, उलट ती माणसाच्या हाताकडे बघायला शिकतात आणि खाली उतरतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं अभयारण्यात जनावरांना त्रास द्यायला आणि कचरा टाकायला बंदी आहे. फूल, पान, साल तोडू नका, विस्तव पेटवू नका. लहान मुलं बरोबर असली तर त्यांना आधीच सांगा की आज ओरडायचं नाही, आज ऐकायचं.

आणि वर बघत चला. आपण बाया वाटेनं खाली बघून चालतो, ठेच लागू नये म्हणून. रानात मधेच थांबा आणि वर बघा, कुठली फांदी कुठल्या फांदीला लागली आहे. मग आपल्या गावच्या राईत जाऊन तसंच बघा. जिथं आभाळ जास्त दिसतंय, तिथं यंदाच्या मृगाला जांभळाचं नाहीतर उंबराचं एक रोप लावा. दोन पावसाळे गुरांपासून जपा. बाकीचं ते झाड बघून घेईल.

आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या बैठकीत हा विषय नक्की काढा. नमस्कार.